सिस्टरांचा पुठ्ठा

“केलं का? मग लिहा.”

हे वाक्य सिस्टर स्वतःलाच सांगायच्या. सांगून झालं की नर्सा लावतात तसं खांद्यावर उलटं टाचलेलं छोटं घड्याळ दोन बोटांनी उचलून बघायच्या, वहीच्या समासात वेळ टाकायच्या आणि मगच वाक्य लिहायला घ्यायच्या. त्यामुळे त्यांच्या इंग्रजीच्या वहीत प्रत्येक वाक्याला वेळ असे. ‘द काऊ गिव्हज मिल्क, पाच बेचाळीस.’ मी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, ढिगांनी वह्या तपासल्या, पण गाईनं नेमकं किती वाजता दूध दिलं हे मला दुसऱ्या कुणी कधी सांगितलं नाही.

मी कोपरगावचा. निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोच्या कामात लुडबुड करू लागलो, तेव्हा तिनंच मला बाहेर काढलं. पंप आणि पाईप विकणाऱ्या एका दुकानावरची खोली मिळाली आणि परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्सांसाठी मी इंग्रजीचा क्लास सुरू केला. येणाऱ्या मुली बाविशी-तेविशीच्या. सिस्टर त्रेचाळीस वर्षांच्या. त्या पहिल्यांदा दारात आल्या तेव्हा मुली उठून उभ्याच राहिल्या, त्यांना वाटलं शिकवायला नव्या बाई आल्या.

“बसा गं,” सिस्टर म्हणाल्या, “मी बी नापास व्हायलाच आले हाय.”

त्यांचं नाव माझ्या हजेरीपटात होतं, पण मुली त्यांना सिस्टर म्हणत आणि मीही सिस्टरच म्हणू लागलो. माहेर राजूरच्या पलीकडे डोंगरात. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. नर्सिंग केलं आणि कोपरगावच्या एका खाजगी दवाखान्यात जनरल वॉर्डला लागल्या, त्याला वीस वर्षं झालेली. गावी एकटी आई. ‘आमची आई सत्तरीत बी पाटी डोक्यावर घेऊन राजूरच्या बाजाराला उतरती,’ हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात तीनदा सांगितलं.

पहिल्या तासाला मी सगळ्यांना विचारत असे की परदेशी का जायचं आहे. मुलींची उत्तरं पाठ केलेली असत. सिस्टर उभ्या राहिल्या, बराच वेळ इंग्रजी शोधलं, सापडलं नाही तेव्हा मराठीत म्हणाल्या, “सर, तिकडं एका सिस्टरला चार पेशंट असतात म्हने.”

“मग?”

“मग काय! चार, सर. चाळीस न्हाई. चार.” आणि त्यांनी मला चार बोटं दाखवली, जणू मला मोजता येत नव्हतं.

मग पर्समधून त्यांनी एक पुठ्ठ्याचा तुकडा काढला. सलाईनच्या खोक्याचा, तळहातापेक्षा थोडा मोठा. ड्यूटीवर आल्या की त्या अशा पुठ्ठ्यावर त्या पाळीची सगळी कामं लिहीत. कुणाची पट्टी बदलायची, कुणाची कूस बदलायची, कुणाला भरवायचं, कुणाच्या घरी फोन करायचा. काम झालं की खूण. राहिलं की त्याभोवती गोल. पाळी संपली की पुठ्ठा पुढच्या सिस्टरला दाखवून चार्ज द्यायचा, सही घ्यायची, मग वॉर्डाबाहेर पाय ठेवायचा. त्या दिवशीच्या पुठ्ठ्यावर मी अकरा गोल मोजले.

“वीस वर्षांत एक दिवस असा न्हाई गेला, की गोल राहिला न्हाई,” त्या म्हणाल्या. “मला एकदा, सर, एकदाच अख्खा पुठ्ठा पुरा करून घरी जायचंय. त्याच्यासाठी इंग्रजी पाहिजे तर इंग्रजी शिकते.”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं मागणं इतकं लहान असतं की ते पुरवायला आपल्याला काहीच लागू नये, आणि नेमकं तेच आपल्या हातात नसतं.

क्लासमध्ये त्यांचं आणि माझं पहिलं भांडण झालं ते ‘टू’वरून. क्रियापदांची यादी असली तर ‘टू’ एकदाच सुरुवातीला लावा, नाहीतर प्रत्येक क्रियापदाला लावा, दोन्ही बरोबर. एकाला लावायचं, दुसऱ्याचं काढायचं, तिसऱ्याला पुन्हा चिकटवायचं, हे मात्र चालणार नाही. एवढं मी फळ्यावर लिहून दाखवलं आणि सांगितलं की परीक्षेत वेळ कमी असतो, एकदाच लावून मोकळ्या व्हा. मुली मोकळ्या झाल्या. सिस्टरांनी मात्र लिहिलं: टू वॉश, टू फीड, टू टर्न, टू वॉक.

“सिस्टर, एक ‘टू’ सगळ्यांना पुरतो.”

“एक थर्मामीटर सगळ्यांना लावायचा का, सर? मधी पुसावा लागतो.”

“ही माणसं नाहीत, क्रियापदं आहेत.”

“व्हय. पन प्रत्येक काम एकेका माणसाचं हाय ना? याला धुवायचं, त्याला भरवायचं. ज्याचा त्याला देऊ द्या की.” मी हात टेकले. तसंही चूक नव्हतंच.

खरी अडचण पुढेच होती. त्या परीक्षेत एक पत्र लिहायचं असतं. एका रुग्णाची टिपणं दिलेली असतात. ती वाचून, हा माणूस आता तुमच्याकडे येतो आहे, त्याच्यासाठी अमुक करावं लागेल, तमुक करावं लागेल, असं पुढच्या नर्सला कळवायचं. म्हणजे सगळी न झालेल्या कामांची यादी. सिस्टरांचा हात तिथेच अडायचा. न झालेलं काम पुठ्ठ्यावर लिहायचं, पेशंटच्या केसपेपरवर नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. मी फळ्यावर डोकं आपटायचं बाकी ठेवलं होतं. तरी महिना-दोन महिन्यांत त्यांचा हात सुटला आणि त्या पुण्याला जाऊन पहिली परीक्षा देऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी क्लासला आल्या त्या काळजीत.

“कसा गेला पेपर?”

“पेपर ठीक गेला, सर. पन त्या आजोबांचं काय झालं असंल?”

“कोण आजोबा?”

पेपरातले. टिपणांमध्ये सकाळी आठच्या गोळीची नोंद होती, रात्री आठचीही होती. दुपारी दोनच्या गोळीची नव्हती. सिस्टरांनी पत्राच्या पाऊण तासातली पंचवीस मिनिटं त्या गोळीवर घालवली. दोनचा डोस दिला की नाही याची खात्री करावी, न दिल्यास डॉक्टरांना ताबडतोब कळवावं, हे त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलं. बाकीचं पत्र राहिलं.

माझा तोल गेला. वयाला न शोभेल असा मी ओरडलो. “सिस्टर, तो माणूस नाहीच आहे! कुणीतरी खुर्चीत बसून बनवलाय तो! गोळी लिहायची राहिली असेल त्याची!”

मुली खाली बघू लागल्या. सिस्टरांनी घड्याळ उचललं, ठेवलं. “असंल, सर,” त्या म्हणाल्या. “पन लिहिलं न्हाई म्हंजी दिलं न्हाई. आमाला तसंच शिकवलंय.”

नापास झाल्या. मला ओरडल्याचं वाईट वाटलं, पण ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. आज सांगतो आहे, तर ऐकायला त्या नाहीत.

दुसऱ्यांदा बसल्या तेव्हा थोडक्यात हुकल्या. त्यांना पाठवणारी एजन्सी पंचेचाळीस वर्षांपर्यंतच नर्सा घेत होती, त्यामुळे आता तिसरी संधी शेवटची होती. आम्ही दोघं जिद्दीला पेटलो. सकाळची ड्यूटी असली की संध्याकाळी, संध्याकाळची असली की सकाळी, त्या येऊन पत्रं लिहायच्या आणि मी तपासायचो.

त्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला आणि मी त्यांच्याच वॉर्डात आठ दिवस पडून होतो. बेड नंबर सतरा. त्या आठ दिवसांत मी जे पाहिलं ते आधी पाहिलं असतं, तर ओरडलो नसतो. त्या चालत नसत, पळतही नसत, या दोन्हींच्या मधलं काहीतरी करत. एकाच्या सलाईनचा थेंब मोजताना दुसऱ्याला नावानं हाक मारून तिसऱ्याच्या मुलीला पाणी कुठे मिळेल ते सांगत. मी हाक मारायचं सोडून दिलं. हाक मारली असती तर त्या आल्या असत्या, आणि मग दुसऱ्या कुणाचा तरी गोल झाला असता.

मला रोज दोनदा धरून व्हरांड्यापर्यंत चालवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुठ्ठ्यावर मी होतो: ‘सतरा, टू वॉक.’ रोज पाळी संपताना त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहत आणि ओशाळून गोल करत. सहाव्या दिवशी मला राहवलं नाही.

“सिस्टर, खूण करून टाका. कुणी विचारलं तर मी सांगीन चाललो म्हणून.”

“चाललात का?”

“नाही.”

“मग?” त्या हसल्या. “मास्तर असून कॉपी करायला सांगता व्हय मला?”

सातव्या दिवशी चार्ज देऊन, सही घेऊन, साडी नेसून घरी निघालेल्या सिस्टर परत वळून माझ्या बेडपाशी आल्या. मला खांद्याला धरून व्हरांड्यात नेलं. खाली रसवंतीवर घुंगरं वाजत होती, कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर चालले होते. परत आणून निजवलं तेव्हा मी म्हणालो, “आता तरी खूण करा.”

“ड्यूटी संपल्यावर केलेलं लिहिता येत न्हाई, सर,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी त्यांना रजा मिळाली, पण आदल्या रात्रीची पाळी काही सुटली नाही. आठला पाळी संपणार, दुपारी दोनला पुण्यात हजर राहायचं. मी पुतण्याची गाडी मागून घेतली आणि पावणेआठला दवाखान्यासमोर उभा राहिलो. गाडीत त्यांचं ओळखपत्र, पेनं, बायकोनं दिलेल्या दशम्या, सगळं होतं. फक्त सिस्टर नव्हत्या.

सव्वाआठ झाले. वर गेलो. सिस्टर वॉर्डाच्या दारात, हातात पुठ्ठा घेऊन उभ्या. पुढच्या पाळीची सिस्टर आली नव्हती, तिचा फोनही लागत नव्हता. वरच्या मजल्यावरच्या सिस्टरकडे तिचाच वॉर्ड भरलेला. मेट्रन गावाला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये. मी दोन्ही मजले धापा टाकत चढलो-उतरलो, ज्याला त्याला हात जोडले. सगळे हळहळले आणि आपापल्या कामाला गेले. कुणाचं खोटंही नव्हतं.

“सिस्टर, चला. अर्ध्या तासात येईलच ती.”

“चार्ज कोनाला देऊ, सर?”

“लिहून ठेवा टेबलावर!”

“टेबलाला देऊ?”

नऊ वाजले. वॉर्डातल्या पेशंटांना एव्हाना सगळं कळलं होतं. “जावा सिस्टर, आमी नीट ऱ्हातो,” एक म्हातारी म्हणाली आणि तिलाच खोकल्याची उबळ आली. सिस्टर तिच्याकडे गेल्या. परत दारात आल्या तेव्हा मी म्हणालो, “मला द्या चार्ज.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमाला काय येतं, सर?”

“इंग्रजी,” मी म्हणालो.

त्या हसल्या, वॉर्ड हसला, मीही हसलो. हसून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की तेवढंच मला येतं, आणि ते त्या दारात कुणाच्याही उपयोगाचं नाही.

पुढच्या पाळीची सिस्टर पावणेअकराला आली. तिच्या मुलाला पहाटे फिट आली होती, त्याला भरती करून ती तशीच धावत आली होती. रडत होती बिचारी. सिस्टरांनी आधी पोराची चौकशी केली, मग पुठ्ठा दाखवून चार्ज दिला, सही घेतली आणि खाली आल्या. गाडीत बसल्या. पुण्याला जाण्यात आता अर्थ नव्हता, हे आम्हा दोघांना कळत होतं. तरी मी गाडी सुरू केली, गोदावरीचा पूल ओलांडला, आणि तिथून वळवून त्यांना त्यांच्या खोलीवर सोडलं. दशम्या तेवढ्या त्यांनी घेतल्या.

त्यानंतर त्या क्लासला आल्या नाहीत. पंचेचाळीस पूर्ण झाली. वर्षभरात आईला अर्धांगवायू झाल्याचा निरोप आला आणि नोकरी सोडून त्या गावी गेल्या. फोन करायच्या अधूनमधून, डोंगरावर रेंज मिळेल तेव्हा. गेल्या वर्षी आई गेल्याचं मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. तेव्हापासून सिस्टरांचा नंबर लागत नाही. दवाखान्यात विचारलं, राजूरला ओळखीच्या दुकानदाराला विचारलं, कुणी म्हणतं मुंबईकडे गेल्या, कुणी म्हणतं गावातच आहेत. मी अजूनही दर रविवारी एकदा फोन लावून बघतो.

आई असताना मी एकदा भेटायला गेलो होतो, तेवढं सांगतो.

पहाटेच्या एसटीनं राजूर, तिथून जीप, पुढे थोडं पायी. सिस्टर दारातच होत्या. नऊवारी नेसलेल्या, आणि खांद्यावर पदराला घड्याळ उलटं टाचलेलं. आत खाटेवर आई. बाजाराची पाटी भिंतीला लावून ठेवलेली. घर इतकं स्वच्छ की मी चपला बाहेर काढून पायही झटकले.

“चार मागितले व्हते, सर,” त्या चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “एकच मिळाला.”

खिळ्याला पुठ्ठा अडकवलेला होता. मी जवळ जाऊन वाचला. टू वॉश, फीड, टर्न, गिव्ह वॉटर, टॉक. माझी मास्तरकी जागी झाली.

“एकाच ‘टू’वर भागवलंत?”

“पेशंट एकच हाय न्हवं. पुरतो.”

“मग आता तरी अख्खा पुठ्ठा पुरा होत असेल!” मी फार आनंदानं विचारलं. अजून मला त्या आनंदाची लाज वाटते.

त्यांनी फळीवरून जुन्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. सगळ्यांवर खुणाच खुणा. आणि प्रत्येकावर शेवटच्या शब्दाभोवती एक गोल. टॉक.

“बोलत न्हाई आई. मी आले त्या दिवसापासून. समदं करून घेती, डोळं माझ्यावर ठेवती, पन शबूद न्हाई.” चहा गाळताना त्यांनी मान वर केली नाही. “तरी रोज लिहिते. न लिहून कसं चालंल?”

साडेदहाच्या सुमाराला खाली सडकेवर राजूरहून येणारी जीप थांबायची, तिच्यातून आईची औषधं घ्यायची होती. आईपाशी बसणारी शेजारीण नेमकी लग्नाला गेलेली. मी जाऊन आणतो म्हणालो, तर त्या नको म्हणाल्या. औषध बदललं होतं, बघून घ्यायला हवं. उंबऱ्यात उभ्या राहिल्या. एकदा खाली सडकेकडे पाहिलं, एकदा खाटेकडे.

“मला द्या चार्ज,” मी म्हणालो.

या वेळी त्या हसल्या नाहीत. घड्याळ बघितलं, पुठ्ठ्यावर वेळ टाकली आणि तो माझ्या हातात दिला. “साडेदहाचं पानी राहिलंय. चमच्यानं द्या. मान जरा वर घ्या, घाई करू नका. आन् बोलत ऱ्हावा.” आणि झपझप उतरणीला लागल्या.

मी खाटेशेजारी बसलो. मान उचलली, चमचा ओठांना लावला. म्हातारीनं तोंड उघडलं नाही. आजी, आ करा, म्हणालो. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं, मी रुमालानं टिपलं. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा मी घाई केली आणि अर्धा चमचा उशीवर सांडला. मग चमचा ठेवला आणि बोलू लागलो. तुमची लेक किती चांगली आहे ते सांगितलं. पेपरातल्या आजोबांची गोष्ट सांगितली. ती दारात पुठ्ठा घेऊन उभी होती ती सकाळ सांगितली. म्हातारी माझ्याकडे एकटक बघत होती. समजत होतं की नाही, मला कळलं नाही. बोलता बोलता मलाच रडू आलं आणि मी गप्प झालो.

सिस्टर औषधं घेऊन आल्या. पदरानं घाम पुसला.

“पानी दिलं का?”

“नाही घेतलं.”

“बोलली का?”

“मीच बोललो.”

त्यांनी माझ्या हातातून पुठ्ठा घेतला आणि शांतपणे दोन गोल केले. मग पेन आणि पुठ्ठा परत माझ्यापुढे धरला.

“सही करा, सर. चार्ज तुमच्याकडं व्हता.”

“तुम्ही आता पाणी पाजालच ना? मग तिथे खूण होईल की.”

“मी पाजलेलं माझ्या वेळेत येनार. तुमच्या वेळेतलं राहिलं ते राहिलं.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. वीस वर्षं त्या ज्या सिस्टरांकडून सह्या घेत आल्या, त्यांच्यातलाच मी एक होतो. मी पुठ्ठा गुडघ्यावर ठेवला आणि त्या दोन गोलांखाली सही केली. सिस्टरांनी ती नीट वाचली, घड्याळ उचलून पाहिलं आणि माझ्या नावाशेजारी वेळ टाकली, अकरा वीस.